पूर ओसरल्यानंतरचा समुद्र

पुराची बातमी नदीकाठी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. पाणी धोक्याच्या पातळीवर गेले, पुलावरून वाहिले, बाजारपेठेत शिरले, मग ओसरले. पंचनामे झाले, घराघरांतून चिखल उपसला गेला. पाणी एकदा समुद्राला मिळाले की आपल्या लेखी त्याचा हिशेब मिटतो. या पुस्तकाचा विषय तिथून पुढे सुरू होतो.

समुद्राला मिळालेले पुराचे पाणी तिथे काय करते, या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत. ते खारेपणा कमी करते, खतांचे अंश नेते, कीटकनाशके नेते, झाडेझुडपे आणि कचरा नेते. यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र ग्रंथ होऊ शकतो. इथे मी एकच धागा धरला आहे, तो उजेडाचा. पुरामुळे समुद्रात खाली पोचणारा सूर्यप्रकाश कमी होतो. किती कमी होतो, किती खोलीपर्यंत होतो आणि किती दिवस तसा राहतो, यावर किनाऱ्यालगतच्या जीवसृष्टीचे बरेचसे भवितव्य ठरते. आणि तो प्रकाश किती कमी होणार, हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, माळरानावर आणि ओढ्यांच्या काठी आधीच ठरून गेलेले असते.

हे सगळे समजून घेण्यासाठी मी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याचा किनारा निवडला आहे. तिथे सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची ग्रेट बॅरिअर रीफ ही प्रवाळभिंतींची मालिका आहे. किनारा आणि या भिंती यांच्यामध्ये उथळ समुद्राचा पट्टा आहे आणि त्यात ३५ लहानमोठी नदीखोरी आपले पाणी ओततात. टाउन्सव्हिल शहराजवळ १९७२ साली स्थापन झालेली ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स आणि त्याच शहरातले जेम्स कुक विद्यापीठ यांनी नदी, गाळ, प्रकाश, प्रवाळ आणि सागरी गवत यांचा अनेक दशके एकत्रित अभ्यास केला आहे. माळरानावरच्या घळीपासून समुद्रतळाच्या गवतापर्यंतची साखळी एका ठिकाणी एवढ्या बारकाईने तपासलेली फार थोड्या किनाऱ्यांवर सापडते.

आधी पाण्यातल्या प्रकाशाविषयी थोडे. निर्मळ पाणी आपल्याला पारदर्शक वाटते, पण तेही प्रकाश खाते, आणि सगळे रंग सारखे खात नाही. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच संपतो; निळा सर्वांत खोल जातो. म्हणून खोल समुद्र निळा दिसतो. दर मीटरला प्रकाशाचा ठरावीक हिस्सा कमी होत जातो, आणि हा हिस्सा उरलेल्या प्रकाशातून कापला जातो. समजा, दर मीटरला दहा टक्के प्रकाश कमी होतो. मग दहा मीटरांवर पृष्ठभागावरचा सुमारे ३५ टक्के प्रकाश उरतो, आणि एक टक्का प्रकाश सुमारे ४४ मीटरांवर मिळतो. आता पाणी गढूळ झाले आणि दर मीटरला निम्मा प्रकाश जाऊ लागला, तर दहा मीटरांवर हजारात एक भागही उरत नाही, आणि एक टक्क्याची खोली सात मीटरांच्याही वर येते. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवांची खालची सीमा ठोकळमानाने या एक टक्क्याच्या रेषेशी धरतात. ही रेषा ४४ मीटरांवरून सात मीटरांवर आली म्हणजे समुद्राचा हिरवा मजला त्या मानाने वर सरकला. तळाला रुजलेल्या गवताला मात्र वर सरकता येत नाही.

हा प्रकाश मोजायची रीत फार साधी होती आणि अजूनही ती वापरात आहे. १८६५ साली अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या नौदलाच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून त्या कुठे दिसेनाशा होतात हे नोंदले. आज जी तबकडी वापरतात तिचा व्यास साधारण ३० सेंटीमीटर असतो. खुणा केलेल्या दोरीला बांधून, होडीच्या सावलीच्या बाजूने ती हळूहळू सोडतात. प्रथम ती लख्ख पांढरी दिसते, मग हिरवट होते, मग तिची कड विरघळल्यासारखी होते आणि एका क्षणी ती आहे की नाही याची शंका येते. तिथे दोरी थांबवून मीटर वाचायचे, तबकडी थोडी वर ओढून ती पुन्हा कुठे दिसू लागते ते पाहायचे, आणि दोहोंची सरासरी घ्यायची. बाहेरच्या प्रवाळभिंतींजवळ ती वीस मीटरांपलीकडेही दिसू शकते. पूर आलेल्या नदीच्या मुखाशी हातभर खाली जाताच गडप होते. आता तळाशी बसवलेली प्रकाशमापके दर काही मिनिटांनी नोंद घेतात आणि २००२ पासून मोडिस उपकरण असलेला अ‍ॅक्वा उपग्रह सगळ्या किनाऱ्याच्या पाण्याचा रंग टिपतो. तरी सेकीच्या तबकडीची आकडेवारी शास्त्रज्ञ आजही जपून ठेवतात, कारण नव्या आकड्यांची जुन्यांशी सांगड तिच्यामुळेच घालता येते.

पुराचे पाणी प्रकाश अडवते ते तीन प्रकारांनी, आणि हे तीन प्रकार वेगळे ओळखणे या विषयाचा पाया आहे. पहिला गाळ. मातीचे कण प्रकाश शोषतात आणि विखुरतातही. त्यात जाडी वाळू महत्त्वाची नसते. ती मुखाशीच बसते. त्रास देतो तो अतिबारीक गाळ, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून लहान कणांचा. दुसरा प्रकार म्हणजे पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये. कुजलेली पाने, माती, मुळे यांतून पाझरलेला हा अर्क पाण्याला पिवळसर-तपकिरी छटा देतो. तो नेमका निळा आणि अतिनील प्रकाश शोषतो, म्हणजे स्वच्छ पाण्यात सर्वांत खोल जाणारा रंगच काढून घेतो. तिसरा प्रकार सजीव आहे. पुराबरोबर आलेल्या नत्र आणि स्फुरदावर वनस्पती-प्लवक फोफावतात आणि त्यांचे हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश वरच्या वर घेते. गाळ, अर्क आणि प्लवक तिन्ही एकत्र आले की खाली उरतो तो मंद, हिरवट-पिवळा उजेड. म्हणजे प्रकाश कमी होतो आणि त्याचा रंगही बिघडतो.

आकाशातून पाहिले तर हे तीन प्रकार पट्ट्यांसारखे मांडलेले दिसतात. मुखाशी तपकिरी पट्टा, तिथे गाळाचे राज्य. खारे पाणी लागताच मातीचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे गुच्छ होतात आणि बसू लागतात. गाळ खाली गेला, पण पोषकद्रव्ये पाण्यातच राहिली, प्लवकांना पुरेसा प्रकाशही मिळू लागला; म्हणून पुढे हिरवा पट्टा. त्याच्याही पुढे निळसर-हिरवी छटा, जिथे डोळ्याला पाणी जवळजवळ स्वच्छ वाटते पण अर्काचा अंश मोजता येतो. नदीचे गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने हा सगळा लोट वरच्या काही मीटरांत पसरतो. दक्षिण गोलार्धात पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो डावीकडे वळतो आणि आग्नेयेकडचे वारे त्याला त्याच दिशेने रेटतात. त्यामुळे क्वीन्सलँडच्या नद्यांचे पाणी बहुतेक वेळा किनारा धरून उत्तरेला जाते. वारा पडला किंवा उलटला तर मात्र ते सरळ बाहेर निघते. फेब्रुवारी २०१९ मध्ये टाउन्सव्हिल परिसरात मोठा पूर आला तेव्हा हा लोट किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवरच्या बाहेरच्या प्रवाळभिंतींपर्यंत पोचलेला दिसला.

क्वीन्सलँडच्या या नद्यांतली मुख्य नदी बर्डेकिन. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे १ लाख ३० हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या चार दशांशांहून जास्त. हा सगळा मुलूख प्रामुख्याने गुरे चारण्याचा, कोरडा आणि विरळ वस्तीचा. वर्षातला बराच काळ ही नदी रुंद वाळूच्या पात्रातून एखाद्या ओहोळासारखी वाहते. मग एखादे चक्रीवादळ किंवा मॉन्सूनचा पट्टा येऊन अडकतो आणि काही दिवसांत वर्षभराचे पाणी समुद्रात जाते. १९८७ साली पूर्ण झालेल्या बर्डेकिन फॉल्स धरणात जाडा गाळ बराचसा अडतो, पण बारीक गाळ पाण्याबरोबर सांडव्यावरून निघून जातो. उजेडाच्या दृष्टीने घातक तो नेमका हाच.

इथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. लोट चार-सहा आठवड्यांत विरतो, मग एवढी चिंता कशाला? याचे उत्तर उपग्रहाच्या दहा-बारा वर्षांच्या नोंदींनी दिले. बर्डेकिनच्या प्रभावाखालच्या समुद्रात प्रकाश किती खोल जातो याची रोजची आकडेवारी कॅथरिना फॅब्रिशियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नदीच्या प्रवाहाशी ताडून पाहिली. भरती-ओहोटी, वारा आणि लाटांचा वाटा वजा केल्यावरही नदीचा वाटा स्पष्ट उरला. मोठ्या पुरानंतर पाणी पूर्ववत नितळ व्हायला साधारण पाच ते आठ महिने लागत होते आणि हा परिणाम किनाऱ्यापुरता न राहता मधल्या प्रवाळभिंतींपर्यंत पोचत होता. कारण गाळ बसतो, पण शांत बसत नाही. नव्याने आलेला बारीक गाळ तळावर सैल, भुसभुशीत थरासारखा पडून राहतो. पावसाळ्यानंतर आग्नेय वारे सुरू झाले की लाटा तो पुन्हा उचलतात. तो पुन्हा बसतो, पुन्हा उठतो. दरवेळी थोडा आडोशाच्या खाडीत किंवा खोल पाण्यात कायमचा जातो आणि मग कुठे समुद्र निवळतो. नदीचा पूर आठवड्याचा असला, तरी समुद्रातला पूर अर्ध्या वर्षाचा असतो.

अर्ध्या वर्षाच्या अंधुकपणाची किंमत काय असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण बरेच दक्षिणेला, हर्वी बे या उपसागरात घडले. १९९२ च्या सुरुवातीला तीन आठवड्यांच्या आत दोन पूर आणि एक चक्रीवादळ तिथे आले. त्यानंतर १,००० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रातले सागरी गवत नाहीसे झाले. उथळ भागातले गवत लाटांनी उपटले गेले होते. पण दहा मीटरांहून खोल पाण्यातल्या गवताला कोणी हातही लावला नव्हता. ते उजेडावाचून मेले. सागरी गवत हे खरेखुरे सपुष्प झाड आहे. त्याची मुळे प्राणवायू नसलेल्या चिखलात असतात आणि पानांनी तयार केलेला प्राणवायू त्यांना वरून पुरवावा लागतो. प्रकाश तुटला की अन्न थांबते, साठा संपतो आणि मुळे गुदमरतात. पातळ, लंबगोल पानांचे हॅलोफिला ओव्हॅलिस हे गवत कमी उजेडात वाढू शकते, पण त्याचा साठा एवढा तोकडा असतो की महिनाभराचा अंधारही त्याला पुरतो.

या गवतावर ड्युगाँग म्हणजे समुद्रगाय जगते. पूर्ण वाढलेले जनावर दिवसाला ४० किलोपर्यंत गवत खाऊ शकते. हर्वी बेमध्ये १९८८ च्या हवाई पाहणीत सुमारे १,७५० समुद्रगायी असल्याचा अंदाज होता. पुरानंतर तो अंदाज ७१ वर आला. बऱ्याच समुद्रगायी अन्नाच्या शोधात दूर गेल्या. ज्या गेल्या नाहीत त्यांच्यापैकी कित्येकींची प्रेते किनाऱ्यावर लागली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की बहुतेक मृत्यू पुरानंतर सहा ते आठ महिन्यांनी झाले, आणि उपासमारीने. पुराच्या बळींच्या कुठल्याही यादीत त्यांचे नाव आले नसते. २०१०-११ च्या पावसाळ्यात क्वीन्सलँडच्या मोठ्या भागात महापूर आले, फेब्रुवारी २०११ मध्ये यासी हे चक्रीवादळ धडकले आणि त्या वर्षी समुद्रगायी व कासवे किनाऱ्यावर मरून लागण्याचे प्रमाण पुन्हा कमालीचे वाढले.

प्रवाळांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न बनवते आणि प्रवाळाला त्यातला मोठा वाटा मिळतो. पण प्रवाळ पाण्यातले कण पकडूनही खाऊ शकतो आणि आपल्या शैवालातले हरितद्रव्य वाढवून मंद उजेडाशी जुळवून घेऊ शकतो. टाउन्सव्हिलच्या उत्तरेला पलूमा शोल्स इथे अत्यंत गढूळ पाण्यातही प्रवाळ पिढ्यानपिढ्या वाढले आहेत. फक्त ते वरच्या काही मीटरांतच आढळतात. म्हणून ‘गढूळ पाणी म्हणजे मृत समुद्र’ असा सोपा निष्कर्ष या पुस्तकात कुठेही सापडणार नाही. गाळ नद्या पूर्वीही आणत होत्या. प्रश्न आहे तो पूर्वीपेक्षा किती जास्त आणतात, हा.

याचे उत्तर देणारी वही प्रवाळांनीच लिहून ठेवली आहे. पोराइट्स जातीचे घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारण एखाद्या सेंटीमीटरने वाढतात आणि शतकानुशतके जगतात. त्यांच्यात पोकळ बरमा घालून लांब दंडगोल काढतात, त्याची पातळ फळी कापतात आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरतात. साध्या उजेडात ती फळी पांढरट, चुनखडीसारखी दिसते. दिवा लागताच तिच्यावर आडव्या चमकदार रेषा उमटतात, काही केसाएवढ्या बारीक, काही ठसठशीत. नदीतून आलेला तोच कुजलेल्या पानांचा अर्क सांगाड्यात अडकून चमकत असतो. ठसठशीत रेषा म्हणजे महापुराचे वर्ष. पीटर इस्डेल यांनी १९८४ मध्ये ‘नेचर’मध्ये हे दाखवून दिले आणि क्वीन्सलँडच्या पुरांचा इतिहास माणसाच्या नोंदींच्या कितीतरी मागे नेला.

त्या रेषा पुराचे पाणी सांगतात. गाळ सांगायला दुसरा साक्षीदार लागला. मातीच्या कणांना चिकटून आलेले बेरिअम खाऱ्या पाण्यात सुटे होते आणि प्रवाळ ते कॅल्शिअमच्या जागी सांगाड्यात बसवतो. माल्कम मॅकुलक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये बर्डेकिनच्या टप्प्यातल्या प्रवाळांतले बेरिअम वर्षावर्षाने मोजले. अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे १८७० पर्यंत पुराच्या वर्षांतही ते फारसे उसळत नव्हते. त्यानंतर प्रत्येक मोठ्या पुराबरोबर ते उसळू लागले. १८६० च्या दशकात या खोऱ्यात युरोपीय वसाहतदारांची गुरेमेंढरे आली होती. गाळाचे प्रमाण त्यानंतर पाच ते दहा पटींनी वाढल्याचा मॅकुलक यांचा निष्कर्ष होता. पुढच्या अभ्यासांनी संपूर्ण ग्रेट बॅरिअर रीफला मिळणाऱ्या बारीक गाळाची वाढ सुमारे पाचपट धरली आहे.

हा गाळ शेतांच्या पृष्ठभागावरून येतो असे वाटणे स्वाभाविक आहे. पण विसाव्या शतकातल्या अणुस्फोट-चाचण्यांतून पडलेले सीझिअम-१३७ फक्त वरच्या मातीत मुरलेले असते आणि नदीतल्या बारीक गाळात ते फारच कमी सापडले. म्हणजे माती येते ती खालून, घळींच्या भिंतींतून आणि ढासळणाऱ्या काठांतून. दुष्काळात गुरांनी कुरण खरवडून खाल्ले, जमीन उघडी पडली, पाण्याला वाट मिळाली की घळ पडते; आणि एकदा पडलेली घळ दर पावसात मागे मागे खात जाते. म्हणून दुष्काळ मोडणारा पहिला पूर सर्वांत गढूळ असतो. ऑस्ट्रेलियाने २०२५ पर्यंत बारीक गाळ २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले, घळींचे उतार यंत्रांनी सपाट करून त्यांवर दगड आणि गवत बसवण्याची कामे हाती घेतली, ओढ्याकाठी कुंपणे घातली. ज्या घळी अशा बुजवल्या, त्यांतून येणारा गाळ ठळकपणे घटला; पण खोरे अफाट आहे आणि कामाचा वेग त्यामानाने तोकडा आहे.

माझ्या मते या विषयात अतिशयोक्ती टाळणे फार गरजेचे आहे. ग्रेट बॅरिअर रीफवरचे आजचे सर्वांत मोठे संकट तापणाऱ्या समुद्राचे आहे. २०१६ पासून वारंवार घडलेल्या प्रवाळ-विरंजनाला नदीचा गाळ कारणीभूत नाही, आणि घळी बुजवून समुद्र थंड होणार नाही. पण उष्णतेने खंगलेल्या प्रवाळाला पुन्हा उभारी धरायला उजेड आणि स्वच्छ तळ लागतो. तापमान जगाच्या हातात आहे. गाळ त्या खोऱ्यातल्या माणसांच्या हातात आहे. म्हणून गाळ रोखण्याचे मोल कमी होत नाही.

मराठी वाचकाला इथे कोकण आठवणारच. आपल्या पश्चिमवाहिनी नद्या आखूड आहेत. सह्याद्रीत उगम पावून बहुतेक नद्या शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत खाडीला लागतात आणि जांभ्याची तांबडी माती घेऊन येतात. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि तिथले सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. दर पावसाळ्यात नद्यांचे गढूळ पाणी आणि उधाणलेल्या लाटा तिथे एकदमच येतात. आपल्याकडचा अंधुकपणा वर्षावर्षाचा आणि ठरल्या वेळचा आहे, क्वीन्सलँडसारखा अवचित नाही. तिथले आकडे उचलून इथे चिकटवणे त्यामुळे चूक ठरेल. तिथला प्रश्न मात्र जसाच्या तसा विचारता येतो: डोंगर खोदल्यावर, उतार उघडे पाडल्यावर नदीमुखाचे पाणी पावसाळ्यानंतर पूर्वीइतक्याच दिवसांत निवळते का? गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी-जुवारीच्या पाण्यातील प्रकाशाचा अभ्यास केलेला आहे. असे काम प्रत्येक खाडीवर, वर्षानुवर्षे व्हायला हवे. त्यासाठी उपग्रह लागतातच असे नाही. पांढरी तबकडी आणि खुणा केलेली दोरी शाळेच्या प्रयोगशाळेलाही परवडते.

पुढची प्रकरणे नदीच्या उगमाकडून समुद्राकडे जात नाहीत. ती तळाच्या गवतापासून सुरू होऊन घळीपर्यंत उलटी चढतात. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. नुकसान समुद्रात दिसते आणि उपाय जमिनीवर करावा लागतो, एवढे वाचकाने ध्यानात धरले तर हा क्रम त्याला अवघड जाणार नाही. पदार्थविज्ञानाची सूत्रे टाळली आहेत. आकडे टाळलेले नाहीत, कारण या विषयात ‘थोडे गढूळ’ आणि ‘फार गढूळ’ यांच्यामध्ये गवताचे जगणे-मरणे असते. कोकणातल्या, गोव्यातल्या शिक्षकांना आणि मच्छीमार मंडळींना माझी एकच विनंती आहे: पुढचा पावसाळा संपल्यावर आपल्या खाडीच्या तोंडाशी पाणी किती मीटरपर्यंत नितळ आहे, याची महिन्यातून एकदा नोंद ठेवायला सुरुवात करा. दहा वर्षांनी त्या वहीची किंमत या पुस्तकापेक्षा जास्त असेल.